नावात बे आहे, पण पाणी आहे का? हाँगकाँगला नव्यानं येणाऱ्यांसाठी

हाँगकाँगला बदली झाली की घराची शोधाशोध सुरू होते आणि ब्रोकर भराभर नावं टाकायला लागतो. कॉजवे बे, क्वारी बे, काउलून बे, रिपल्स बे, डिस्कव्हरी बे. शिवाय शेवटी 'वान' असलेली वेगळीच: च्युन वान, चाय वान, चेउंग शा वान. कँटोनीज भाषेतलं वान म्हणजेही बे, किनाऱ्यात आत शिरलेलं समुद्राचं पाणी. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं शहरच समुद्राकाठी वसलंय, कुठेही घर घेतलं तरी चालेल. मग तो काउलून बे स्टेशनवर उतरतो. बाहेर टेलफोर्ड प्लाझा नावाचा मॉल, मेट्रोच्या कारशेडवर स्लॅब टाकून उभारलेल्या टेलफोर्ड गार्डन्सच्या इमारती, पलीकडे गोदामं, ऑफिसं, उड्डाणपूल. समुद्राचा मागमूस नाही.

इथे बे हे नाव पाण्यालाही असतं आणि वस्तीलाही, आणि ती दोन्ही एकमेकांना लागून असतीलच याची खात्री नाही. कुठे वस्ती आहे पण पाणी शंभर वर्षांपूर्वीच बुजवलंय, तर कुठे पाणी आहे पण काठावरचं गाव दुसऱ्याच नावानं ओळखलं जातं. घराचं भाडं, रोजचा प्रवास, मुलांची शाळा आणि वादळात तळमजल्यावर शिरणारं पाणी या सगळ्यांशी याचा संबंध येतो, म्हणून आल्या आल्या हे समजून घेतलेलं बरं.

मुंबईकराला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. बॅकबे आगाराची बस पकडणारा कोणी पोहायचे कपडे घेऊन निघत नाही. मुंबईत बॅकबेचा भराव गाजत होता त्याच 1920 च्या दशकात हाँगकाँगमध्ये वान चायचा किनारा बुजवण्याचं काम चालू होतं.

आधी ठरवा, बोलणं कशाबद्दल चाललंय

एकाच नावाखाली चार गोष्टी असू शकतात: पाणी, वस्ती, एमटीआरचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं स्टेशन आणि सरकारी जिल्हा. वान चाय घ्या. नावाचा अर्थ छोटा बे. तो बे आता नाही. वान चाय नावाची वस्ती आहे, स्टेशन आहे आणि जिल्हाही आहे. या जिल्ह्यात कॉजवे बे आणि हॅपी व्हॅलीसुद्धा येतात. त्यामुळे सहकारी 'मी वान चायला राहतो' म्हणाला तर तो वस्तीबद्दल बोलतोय, आणि सरकारी फॉर्मवर 'वान चाय' दिसलं तर ते बहुधा जिल्ह्याचं नाव आहे.

कॉजवे बे, क्वारी बे आणि काउलून बे या वस्त्या आहेत, त्या नावांची स्टेशनं आहेत, पण त्या नावांचे जिल्हे नाहीत. क्वारी बे ईस्टर्न जिल्ह्यात येतं, काउलून बे क्वुन टोंग जिल्ह्यात. हे शेवटचं चांगलंच फसवतं, कारण काउलून सिटी नावाचा वेगळा जिल्हा शेजारीच आहे आणि नवीन माणूस हमखास तिथे टिकमार्क करतो.

जिल्हे एकूण अठरा. त्यांच्या सीमा कागदावरच्या आहेत आणि बदलतातही. व्हिक्टोरिया पार्क आणि टिन हाउचा परिसर 2016 मध्ये ईस्टर्न जिल्ह्यातून काढून वान चायला जोडला. तिथल्या रहिवाशांच्या तोंडी मात्र नावं होती तीच राहिली. याहून गमतीचा च्युन वान जिल्हा. च्युन वान गाव काउलूनच्या वायव्येला, मुख्य भूमीवर. पण लांटाउ बेटाचा ईशान्य कोपराही याच जिल्ह्यात मोडतो, आणि ज्या पेनीज बेवर भराव घालून 2005 मध्ये डिस्नेलँड उघडलं तो याच कोपऱ्यात आहे. म्हणजे मिकी माउस राहतो लांटाउला आणि त्याचा जिल्हा च्युन वान.

मग बघा, पाणी उरलंय का

लँड्स डिपार्टमेंटचा जिओइन्फो नावाचा सरकारी नकाशा फोनवर फुकट बघता येतो. त्यावर किंवा तुमच्या नेहमीच्या नकाशावर नाव शोधा आणि एवढंच बघा: अक्षरं निळ्या भागावर आहेत की रस्त्यांच्या जाळ्यावर? निळ्यावर एक आणि जाळ्यावर एक अशी दोन्हीकडे असतील तर दोहोंतलं अंतर मोजा.

नकाशा न उघडताही अंदाज बांधता येतो. व्हिक्टोरिया हार्बर म्हणजे हाँगकाँग बेट आणि समोरच्या मुख्य भूमीवरचं काउलून यांच्यामधलं बंदर. त्याच्या दोन्ही काठांवरचे बे बहुतेक बुजलेले आहेत. हाँगकाँग बेटाची दक्षिण बाजू, साय कुंगचा किनारा आणि लांटाउ इथले पुष्कळसे शाबूत आहेत. याचं कारण भूगोलात आहे. इथे डोंगर थेट पाण्यात उतरतात, सपाट जमीन जवळजवळ नाहीच, आणि धंदा सगळा बंदराभोवती. तेव्हा जागा हवी तर समुद्र मागे सारणं हाच उपाय होता. सेंट्रल या बेटावरच्या मुख्य व्यापारी भागातला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा मोठा भराव ज्याच्या पुढाकारानं झाला तो पॉल चेटर कलकत्त्यात जन्मलेला आर्मेनियन, आणि त्याचा धंद्यातला भागीदार होर्मसजी नवरोजी मोदी हा मुंबईचा पारशी. त्सिम शा त्सुईतला मोदी रोड त्याच्याच नावाचा. हा सपाटा पुढे इतका वाढला की 1997 मध्ये बंदराच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला आणि हार्बरमधला भराव बराच आवरला गेला.

ठिकाणानुसार सांगायचं तर रिपल्स बे, डीप वॉटर बे, क्लिअर वॉटर बे, बिग वेव्ह बे इथे पाणी आहे, वाळू आहे, जीवरक्षक असलेले सरकारी बीचही आहेत. कॉजवे बेचा मूळ बे गेला, क्वारी बेचा गेला, वान चाय आणि चेउंग शा वानचाही गेला. टेलिग्राफ बे तर नावानिशी गेल्यासारखा आहे, त्याच्या भरावावर आता सायबरपोर्ट उभं आहे.

काउलून बेचं प्रकरण अर्धवट आहे. हो काय आणि ओ टाक या दोन व्यापाऱ्यांच्या कंपनीनं इथे बागेसारखी वसाहत उभारायची म्हणून समुद्र बुजवायला घेतला. कंपनी बुडाली, जमीन सरकारकडे गेली आणि तिथे विमानतळ झाला. दोघांच्या नावांतून काय टाक हे नाव आलं. पुढे धावपट्टी थेट बेच्या पाण्यात लांबवली आणि 1998 मध्ये विमानतळ बंद होईपर्यंत तिथे विमानं उतरत होती. आज त्या धावपट्टीच्या पूर्वेला, मधला चिंचोळा पाण्याचा पट्टा ओलांडून, काउलून बे नावाची वस्ती आहे. उरलेलं काउलून बे नावाचं पाणी धावपट्टीच्या पश्चिमेला, तो क्वा वान आणि हुंग होमच्या समोर आहे. तेव्हा काउलून बे बघायचा असेल तर काउलून बेला उतरू नका. तो क्वा वान स्टेशनला उतरा आणि होय शाम पार्कच्या कठड्यापाशी जा. समोर दिसतो तो काउलून बे. हे पार्कही पूर्वी बेट होतं, पण त्या वाटेला आता जात नाही.

जुना किनारा पायी शोधा

नकाशानं पटत नसेल तर कॉजवे बेला एक चक्कर मारा. तासाभराचं काम आहे आणि एकदा डोळा तयार झाला की बाकीच्या वस्त्या आपोआप कळायला लागतात.

सुरुवात टिन हाउ स्टेशनपासून करा. कॉजवे बे स्टेशनपासून नको, ते मूळ बेच्या पश्चिमेला ईस्ट पॉइंट नावाच्या भागात आहे. दुकानांची आजची सगळी झगमग तिकडे, बे होता तो इकडे. स्टेशनजवळ चढावावर टिन हाउचं जुनं मंदिर आहे. टिन हाउ ही दर्यावर्दी लोकांची देवी. तिचं मंदिर पाणी दिसेल अशा जागी बांधायचे. आज मंदिरापुढे इमारती आहेत आणि पाणी बरंच लांब, पण मंदिर आहे त्या उंचवट्याच्या पायथ्याशी एकेकाळी लाटा येत.

तिथून कॉजवे रोडला या, म्हणजे ट्रामच्या रुळांवर. हा रस्ता नाकासमोर सरळ जातो. का, तर बेच्या तोंडावर जो बांध घातला होता त्याच्यावरून तो जातो, आणि कॉजवे म्हणजे तो बांधच. आता रस्त्याच्या दक्षिणेला, सेंट्रल लायब्ररीच्या मागे शिरा. इथे टुंग लो वान रोड लागतो आणि तो सरळ जातच नाही. सरळ कॉजवे रोडपासून सुटून कमानीसारखा आत वळतो आणि पुन्हा त्यालाच येऊन मिळतो. ती कमान म्हणजे जुनी किनाररेषा. होडी जिथे वाळूला लागायची तिथे आता फर्निचरची दुकानं, गॅरेजं आणि चहाची हॉटेलं आहेत. कमान आणि बांध यांच्या मधलं पाणी आधी भरलं. बांधाबाहेरच्या पाण्यात वादळात होड्या आसऱ्याला थांबत, ते 1950 च्या दशकात भरलं आणि 1957 मध्ये त्यावर व्हिक्टोरिया पार्क झालं. पार्कातून उत्तरेला चालत गेलात की शेवटी महामार्गापलीकडे सध्याचा होड्यांचा आसरा दिसतो. पश्चिमेला यॉट क्लब आहे, पत्ता केलेट आयलंड. बेट नाही, 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते भरावानं जोडलं, पण पत्त्यात बेट टिकून आहे.

इतर वस्त्यांत याच खुणा शोधायच्या. आजूबाजूचे सगळे रस्ते चौकोनी आखलेले आणि एकच रस्ता नागमोडी, तर तो बहुधा जुना किनारा. टिन हाउ किंवा हुंग शिंग या समुद्रदेवाचं मंदिर गल्लीत अडकलेलं दिसलं तर त्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं असं धरा. वान चायच्या क्वीन्स रोड ईस्टवरचं हुंग शिंग मंदिर आणि याउ मा तेईचं टिन हाउ मंदिर ही दोन्ही अशीच आत राहून गेली. रस्त्याच्या नावात 'प्राया' असेल तर तो कधीकाळी बंदराकाठचा हमरस्ता. याउ मा तेईत तर रेक्लमेशन स्ट्रीटच आहे, आडपडदा नाही. वान चायमधून जाणारी ट्राम जॉन्स्टन रोडवर वळते तिथे खिडकीतून बघा, वळण जुन्या किनाऱ्याचं आहे. समुद्राच्या बाजूचं सगळं नंतरचं. ट्राम 1904 पासून चालू आहे, भाडं शहरात सगळ्यात कमी, आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर याहून चांगला गाइड नाही.

चिनी नाव पाठ करा

याची गरज टॅक्सीत पडते. बरेचसे चालक इंग्रजी नावाला नुसती मान डोलावतात आणि गाडी सुरू करत नाहीत. कॉजवे बे म्हणजे टुंग लो वान, रिपल्स बे म्हणजे चिन सुई वान. क्वारी बेला मात्र चाक यू चुंग म्हणतात, आणि चुंग म्हणजे ओढ्याचं मुख. इंग्रजी नावात बे, चिनी नावात ओढा, आणि जागेवर ऑफिसांचे टॉवर. डीप वॉटर बेला सम सुई वान म्हणतात आणि काउलूनमधल्या शाम शुई पोचा खरा उच्चार सम सुई पोच्या जवळ जातो. पहिली दोन अक्षरं एकच आहेत. एक जागा कोट्यधीशांची, दुसरी कापडबाजाराची आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक्सची, मध्ये अख्खं बंदर. शेवटचा शब्द जरा ठासून म्हणा.

चिनी अक्षरं येत नसली तरी एक खूण लक्षात ठेवता येते. वान, चुंग, होय (समुद्र), ओ (खाडी) या सगळ्यांच्या अक्षरात डाव्या कडेला एकाखाली एक तीन छोटे फटकारे असतात, पाण्याच्या थेंबांसारखे. स्टेशनच्या पाटीवर शेवटच्या अक्षराला ते दिसले की नाव पाण्यावरून पडलंय. पाणी अजून आहे की नाही हे अर्थात पाटी सांगत नाही.

नावाचे उपरे वापर

रस्ता, विद्यापीठ, गृहसंकुल यांना बेचं नाव असलं तर जरा थांबा. क्लिअर वॉटर बे रोड सुरू होतो काउलूनच्या चोय हुंग भागात, भर गर्दीत, आणि डोंगर चढून किती तरी पुढे बीचपाशी पोचतो. त्या रस्त्यावरचा पत्ता म्हणजे बीचवरचं घर असं मुळीच नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाला सगळे क्लिअर वॉटर बेचं विद्यापीठ म्हणतात, पण कॅम्पसखालचं सुंदर पाणी पोर्ट शेल्टरचं आहे. बीचला जायला डायमंड हिलहून 91 नंबरची बस पकडा. 91एम विद्यापीठापर्यंत नेईल आणि मग दुसरीकडेच वळेल.

डिस्कव्हरी बे हे मुळात बिल्डरनं ठेवलेलं नाव. लांटाउवर ती वसाहत जिथे उभी राहिली त्या पाण्याचं जुनं नाव ताय पाक वान. सेंट्रलच्या तीन नंबरच्या धक्क्यावरून फेरी मिळते. पाणी खरं आहे, बीचही आहे, खासगी मोटारींना मज्जाव असल्यानं मुलांना मोकळं सोडता येतं. म्हणून भारतीय कुटुंबांना ती जागा आवडते. पण शेवटची फेरी, मध्यरात्रीनंतरचं वेळापत्रक हे बघितल्याशिवाय करारावर सही करू नका.

उलटा प्रकारही आहे: पाण्याला एक नाव, गावाला दुसरं. सिल्व्हरमाइन बेला जायचं तर फेरीच्या पाटीवर मुई वो शोधायचं, सहा नंबरचा धक्का. जंक बे हे इंग्रजी नाव आता फक्त पाण्यापुरतं उरलंय, काठावरचं भलं मोठं नवं शहर च्युंग क्वान ओ नावानं ओळखलं जातं. आणि ताय लोंग वान, म्हणजे बिग वेव्ह बे, एकाहून जास्त आहेत. हाँगकाँग बेटावर शेक ओजवळ एक, जिथे बसनं जाता येतं, आणि साय कुंगच्या टोकाला दुसरा, जिथे डोंगरवाटेनं चालावं लागतं किंवा होडी करावी लागते. ऑफिसच्या ग्रुपवर रविवारचा बेत ठरला तर कोणता ते विचारून घ्या, नाहीतर एक टोळी सँडल घालून आणि दुसरी ट्रेकिंगचे बूट घालून निघायची.

घर बघताना

'बे' नावाच्या वस्तीत समुद्र दिसणारा फ्लॅट मिळेलही, पण त्याचे पैसे तुम्ही नावासाठी देऊ नका, खिडकीसाठी द्या. संध्याकाळी जाऊन बघा, आणि समोर रिकामा प्लॉट किंवा बांबूच्या परांच्या दिसल्या तर तिथे काय उठणार आहे ते ब्रोकरला विचारा.

उलट, नावात बे नसलेल्या काही वसाहती अगदी पाण्याला खेटून आहेत. हेंग फा च्युन त्यातली एक, चाय वानच्या कारशेडवर आणि भरावावर बांधलेली. सप्टेंबर 2018 मध्ये मांगखुट वादळ आलं तेव्हा तिथे समुद्र उसळून थेट आवारात शिरला. पाण्याजवळचा खालचा मजला घेत असाल तर त्या वादळात इमारतीत काय झालं होतं हे वॉचमनला विचारा. तो ब्रोकरपेक्षा खरं सांगतो.

मुलं लहान असतील आणि सरकारी प्राथमिक शाळा हवी असेल तर तुमचं 'स्कूल नेट', म्हणजे शाळा ज्यातून मिळते तो विभाग, घराच्या नेमक्या पत्त्यावरून ठरतं, वस्तीच्या नावावरून नाही. एकाच वस्तीच्या दोन टोकांना वेगळी नेट असू शकतात. डिपॉझिट देण्याआधी इमारतीचं नाव टाकून तपासा.

पत्ता लिहिताना

हाँगकाँगला पिन कोड नाही. त्यामुळे पत्त्यातलं वस्तीचं नाव आणि शेवटची ओळ यांनाच सगळं वजन. क्रम असा: फ्लॅट आणि मजला, इमारत, रस्त्याचा नंबर आणि नाव, वस्ती, आणि शेवटी हाँगकाँग, काउलून किंवा न्यू टेरिटरीज यांपैकी एक. इथल्या पत्त्यात शेवटी नुसतं हाँगकाँग लिहिलं तर त्याचा अर्थ हाँगकाँग बेट असा होतो, म्हणून कॉजवे बेपुढे ते चालतं, काउलून बेपुढे काउलून लिहायचं आणि च्युन वानपुढे न्यू टेरिटरीज. पुण्याहून आई दिवाळीचा फराळ पाठवणार असेल तर तिला हा पत्ता फोनवर सांगू नका, टाइप करून पाठवा. कुरियरचा फॉर्म पिन कोडशिवाय पुढे सरकत नसेल तर त्या रकान्यात सगळी शून्यं टाकायला सांगा, आणि तुमचा इथला मोबाइल नंबर ठळक लिहायला सांगा.